पाऊण क्विंटल सामान आणि अंदमान

मावशी, सप्रेम नमस्कार.

आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरी कापूस-तुरीची शेती. धाकटे दीर पुण्याला नोकरीला आहेत. त्यांनी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना अंदमानला न्यायचं ठरवलं आहे. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आमची ९ वर्षांची मुलगी. सेवाग्रामहून रेल्वेने चेन्नई, तिथे दीर-जाऊ भेटणार आणि पुढे विमान. आमच्या घरात आजवर कोणी समुद्र पाहिलेला नाही. सामान भरायचं काम माझ्याकडे आलं आहे. सासूबाई म्हणतात, "थ्या बेटावर काही भेटत नसन, पोयपाट-बेलनंबी टाकून घे." त्यांनी दहा पातळं, शेवया, पापड, खोबऱ्याच्या वाट्या असं सगळं काढून ठेवलं आहे. हे म्हणतात, "आपल्याले उन्हाची काय भीती? दोन ड्रेस पुरे झाले." दीर फोनवर सांगतात, माणशी १५ किलो, वर एक ग्रॅम नाही. मी मधात सापडली आहे. काय घेऊ, काय ठेवू?

आणि एक शेवटचं. मला समुद्रात उतरायचं आहे, पातळ नेसून नाही, पंजाबी ड्रेस घालून. लग्नाला ११ वर्षं झाली, घरी मी साडीच नेसते. सासूबाईंजवळ हा विषय कसा काढू?

– तुमची एक वाचक

*

पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि आधी तो १५ किलोचा हिशोब घेऊन बसले. पाच माणसं, म्हणजे ७५ किलो. पाऊण क्विंटल! वेचणीत एवढा कापूस दोन बाया दिवसभरात गोळा करतील, पण कपड्यालत्त्यात मोजलं तर हा डोंगर आहे. दीर उगाच तुला घाबरवतात. तुमच्याकडे वेचलेला कापूस तोलायचा टांगता काटा असेलच. तो आत्ताच माळ्यावरून काढून ठेव. बॅग भरली की काट्याच्या आकड्याला अडकवायची आणि नवऱ्याला वाचायला सांगायचं. १३ किलोवर थांबायचं, कारण परतीला ओले कपडे आणि नातेवाइकांसाठी घेतलेल्या वस्तू येतातच. मी विमानतळावर एका बाईला सगळ्यांदेखत बॅग उघडून परकर एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत भरताना पाहिलं आहे. ती बाई मीच होते.

या १५ किलोंखेरीज हातात एक पिशवी चालते, साधारण ७ किलोपर्यंत. नेमका आकडा प्रत्येकाच्या तिकिटावर छापलेला असतो, तो दिराकडून वाचून घे.

आता तुझ्या यजमानांचं बोलते. "आपल्याले उन्हाची काय भीती" हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, तेही मोठ्या तोऱ्यात. मी ३१ वर्षं खेड्यातल्या शाळांत शिकवलं. एप्रिलच्या उन्हात डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून परीक्षेचे पेपर घेऊन तालुक्याला गेलेली बाई मी. निवृत्त झाल्यावर आम्ही सात-आठ मास्तरणी अंदमानला गेलो. मी बॅगेत दोन जाड सुती पातळं, एक जाडजूड टर्किश टॉवेल आणि चामड्याच्या चपला भरल्या. तिसऱ्या दिवशी बॅग उघडली तर आतून ओल्या सरकीचा वास आला. पहिल्या दिवशी धुतलेलं पातळ अजून ओलंच होतं.

तिथे मला जे कळलं ते तुला फुकट सांगते. अंदमानात फेब्रुवारीत दुपारी पारा ३० च्या आसपास असतो. दारव्ह्यालाही तेव्हा तेवढाच असतो. आकडा तोच, पण अंगाला लागतं ते निराळं. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी, तहानलेली. म्हणून तर कूलर चालतो. वाळ्याच्या ताटीवर पाणी पडतं, कोरडी हवा ते पिते आणि गार होऊन आत येते. आपला घामही तसाच. तो आला कधी आणि वाळला कधी कळतच नाही, मागे फक्त ब्लाउजवर मिठाचे पांढरे डाग उरतात. बेटावरची हवा आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली असते. तिला तुझा घाम नको असतो आणि दोरीवरचा परकरही नको असतो. तिथे कूलर लावलास तर खोलीत दमट वाफ होईल, बाकी काही नाही.

म्हणून सामान भरताना ऊन डोक्यातून काढ आणि ओल डोक्यात ठेव. प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारायचं: ही भिजली तर उद्या सकाळपर्यंत वाळेल का? नाही म्हणालीस की परत कपाटात.

टर्किश टॉवेल या परीक्षेत पहिल्याच दमात नापास. त्याऐवजी माणशी दोन पंचे घे. पंचा वजनाला हलका, तासाभरात वाळतो, डोक्याला बांधता येतो, बसायला अंथरता येतो. जीन्स नापास. यजमानांची असेल एखादी, तर रेल्वेत घालून बसू दे, पण समुद्राकाठी ती भिजली की परतीच्या गाडीपर्यंत ओली राहील. अंगावर घालायला तलम सुती कापड, मलमलसारखं, सैल. पाण्यात जायला मात्र सिंथेटिक. आपण उन्हाळ्यात नायलॉनला नाकं मुरडतो आणि आपल्या हवेत ते बरोबरच आहे, पण समुद्रातून बाहेर आल्यावर जॉर्जेट अर्ध्या तासात झटकून मोकळं होतं आणि सुती कपडा गारठून अंगाला चिकटतो. मुलीला पूर्ण बाह्यांचा, खेळाडू घालतात तसला टी-शर्ट आणि तसलीच पँट घे. यवतमाळला कुठल्याही खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळते.

सासूबाईंची दहा पातळं चारावर आण. दोन रोजची, एक भिजायचं, एक फोटोचं. त्या ऐकणार नाहीत. तेव्हा भांडू नकोस, त्यांची बॅग त्यांनाच भरू दे आणि काट्याला त्यांच्यासमोर लटकव. माणूस सुनेशी वाद घालतो, काट्याशी घालत नाही.

सासरे माळकरी आहेत की नाही हे तू लिहिलं नाहीस, पण धोतर-टोपी असणार असं धरून चालते. बोटीवर वारा फार. धोतराचा सोगा सांभाळता सांभाळता माणसाचा जीव जातो, आणि पांढरी टोपी तर पहिल्याच झुळकीला समुद्रार्पण. त्यांच्यासाठी दोन पायजमे आणि डोक्याला उपरणं. टोपी सेल्युलर जेलसाठी ठेवा, तिथे ती शोभते. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत इंग्रजांनी बांधलेला तो तुरुंग. त्याचे मूळचे सात पंख, आता तीनच उभे आहेत. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते आणि त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. म्हणजे जिने आले. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर काठी न्या, लाजू नका. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम उघड्यावर बसून पाहायचा असतो, तेव्हा पायांना डासांचं मलम आधीच लावून घ्या.

संध्याकाळ म्हटली मी, पण तिथली संध्याकाळ घाईची असते. घड्याळ आपलंच, बेटं मात्र आपल्यापासून फार पूर्वेला. फेब्रुवारीत साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. तुमच्याकडे तेव्हा गुरं अजून गोठ्यात यायची असतात. सकाळही तशीच लवकर उजाडते. एक छोटी टॉर्च हातपिशवीत ठेव. आणि समुद्रावर जायचा कार्यक्रम दुपारी जेवून, झोप काढून ठरवू नका, हाती काही लागणार नाही.

उन्हाची फुशारकी मी कशी फेडली तेही ऐक. आम्ही हॅवलॉकला, म्हणजे आता ज्याला स्वराज द्वीप म्हणतात तिथे, गुडघाभर पाण्यात दोन-अडीच तास उभ्या होतो. वारा गार, पाणी गार, ऊन लागतंय हे ध्यानातच आलं नाही. रात्री मान आणि पावलांचा वरचा भाग असा पेटला की पांघरूण टेकवेना. आपल्या गावी ऊन झोंबतं म्हणून आपण आपोआप सावलीला जातो. तिथे ते झोंबत नाही आणि भाजतं. शिवाय ती बेटं आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या पुष्कळ जवळ. आपण २० अंशांवर, ती साडेअकरावर. सूर्य डोक्यावर चढतो आणि पाण्यावरून परत उलटून तोंडावर येतो. म्हणून पूर्ण बाह्या आणि डोक्याला दुपट्टा, आणि उघड्या राहणाऱ्या मान-पावलांना सनस्क्रीन. ३० किंवा ५० एसपीएफचं घे, पाण्यात उतरण्याआधी पाव तास लाव, दोन तासांनी पुन्हा लाव. डबीवर झिंक ऑक्साइड लिहिलेलं असेल तर उत्तम. काही क्रीममधल्या रसायनांनी पाण्यातलं प्रवाळ मरतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमची विक्री अमेरिकेतल्या हवाई बेटांनी २०२१ पासून कायद्याने बंद केली आहे. अंगभर कपडा घातला की क्रीम लागतंही कमी, आणि ते तुम्हा साडीवाल्यांना शिकवायला नको.

पायांत काय, हा प्रश्न बाया विचारत नाहीत आणि मग लंगडतात. चामडं बंद. साधी स्लीपरही पाण्यात पायातून सुटून पुढे पळते. तुमच्या बाजारात पावसाळ्यात चिखलात घालायला मागून पट्टा असलेले रबरी सँडल मिळतात ना, निंदणाला जाताना घालतात ते? तेच. प्रवाळाचे खडक धारदार असतात आणि त्याने कापलेली जखम चिघळते, लवकर भरत नाही. पाचही जणांना एकेक जोड. आणखी काहीही विकत घेऊ नकोस. पाण्यात तोंड घालून मासे बघायचा चष्मा आणि नळी तिथेच देतात, लाइफ जॅकेटही देतात. ते जॅकेट सासूबाईंनाही घालायला लाव, नुसतं बोटीत बसायचं असलं तरी. आणि किनाऱ्यावर मगरीची पाटी दिसली तर ती खरी समजायची. टिपेश्वरच्या बाजूला वाघाच्या पाटीला आपण मानतो, तसंच.

आता खाण्याचं. इथे मी सासूबाईंच्या बाजूने आहे, ऐकून तुला आश्चर्य वाटेल. तुम्ही सेवाग्रामहून रेल्वेने निघणार. चेन्नईपर्यंत वजनाचा काटा नाही, तिथवर त्यांचं राज्य असू दे. तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, ठेचा, भरलेल्या मिरच्या, काय हवं ते. फक्त एक अट, चेन्नईच्या स्टेशनवर उतरताना डबे रिकामे पाहिजेत. पुढे विमानात न्यायचं ते कोरडं आणि हलकं. जवसाची चटणी एक डबा, शेंगदाण्याची चटणी एक डबा, फुटाणे, चिवडा, गुळाचा खडा. जवसाच्या चटणीने बेटावरचा कुठलाही भात आपला होतो, हे मी अनुभवाने सांगते. आमच्यातल्या एकीने डबाभर चटणी नेली होती. चौथ्या दिवशी तिच्यापुढे ताट घेऊन रांग लागली.

तिथे काही भेटत नसन, ही भीती मात्र खोटी आहे. बेटांवर बंगाली, तमिळ, तेलुगू, झारखंडी अशी कुठकुठली माणसं पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. डाळ-भात, पोळी, इडली, पुरी-भाजी सगळं मिळतं. मासे जास्त, हे खरं. सासरे माळकरी असतील तर हॉटेलात बसल्या बसल्या सांगून टाका, म्हणजे वास आला तरी घोटाळा होत नाही. एकादशी त्या आठवड्यात येते का ते कॅलेंडरात पाहून ठेव आणि येत असेल तर राजगिऱ्याचे लाडू बांधून घे. पोळपाट-लाटणं घरी. लाटणं हातपिशवीत असलं तर ते काढून घेतील आणि सासूबाई ते आयुष्यभर विसरणार नाहीत.

विमानाच्या आणखी दोन-चार भानगडी आहेत. खोबऱ्याच्या वाट्या नको. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते ढिगाने कोंडलं तर आपोआप तापू शकतं, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोक्याच्या मालात मोडतं. सासूबाईंना सांग, तिथे नारळाला तोटा नाही. काळ्या पाण्याच्या कैद्यांना बैलासारखं घाण्याला जुंपून त्याच खोबऱ्याचं तेल काढायला लावत. काडेपेटी, लायटर, कापूर कुठेच चालत नाही, ना मोठ्या बॅगेत ना हातात. देवाला उदबत्ती लावायची तर काडेपेटी तिथे उतरून घ्या. लोणचं हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत, बरणीच्या तोंडाला प्लास्टिक आणि दोरा गुंडाळून. सुरी, कात्री, सासूबाईंचा अडकित्ता, हेही मोठ्याच बॅगेत. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत टाकायची नाही. यजमानांच्या खिशात खर्रा असेल तर तो सेवाग्रामलाच संपवू दे. सेल्युलर जेलच्या भिंतीशी थुंकणारा आपल्या जिल्ह्याचा माणूस मला पाहायचा नाही.

हातपिशवीबद्दल तुला वेगळं सांगते, कारण मोठी बॅग उशिरा आली तरी चालते, ही हरवली तर सहल संपली. हिच्यात सगळ्यांची मूळ आधार कार्डं, झेरॉक्स निराळी. बेटाबेटांमधल्या बोटीवर आणि हॉटेलात पुन्हा पुन्हा मागतात. सासू-सासऱ्यांच्या रोजच्या गोळ्या, बीपी-साखरेच्या, दिवसांपेक्षा तीन दिवसांच्या जास्त, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. कोणी इन्सुलिन घेत असेल तर ते कधीही मोठ्या बॅगेत जाता कामा नये, विमानाच्या पोटात गोठून वाया जाऊ शकतं. ओआरएसची पाकिटं, जखमेचं मलम, चिकटपट्ट्या, तापाची आणि जुलाबाची गोळी. उलटीची गोळी सर्वांत महत्त्वाची. पोर्ट ब्लेअरहून, ज्याचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, स्वराज द्वीपला जायला बोटीत दीड-दोन तास जातात. एसटीच्या घाटात ज्याला मळमळतं त्याला बोटीत होणारच. गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कोणती आणि किती हे तुमच्या डॉक्टरला विचार, म्हाताऱ्यांच्या बाकीच्या गोळ्या त्याला माहीत असतात. या गोळीने झोप येते, तेव्हा म्हातारी माणसं पेंगुळली तर घाबरू नका.

याच पिशवीत एक शाल. हसू नकोस. फेब्रुवारीत पहाटे घर सोडताना थंडी असते, रेल्वेचा डबा एसी असेल तर थंडी, विमानात थंडी, बंद बोटीतही एसीची थंडी. बेटावर पाय ठेवला की शाल नको होते. म्हणून दोन माणसांत एक शाल, स्वेटर कोणालाच नाही.

रोख पैसे न्या. २०२० पासून चेन्नईहून समुद्राखालून केबल गेली आहे आणि नेट पूर्वीपेक्षा बरंच बरं झालं, पण लहान बेटांवर रेंज जाते आणि मग फोनवरून पैसे देता येत नाहीत. नील, म्हणजे शहीद द्वीप, तिथे एटीएमच्या भरवशावर राहू नका. पैसे तिघांत वाटून ठेवा. माझा फोन बोटीत एका लाटेने भिजला. ज्यांच्यामार्फत गेलो होतो त्यांनी, "बाई, बोटीत पाणी येतं हे तुम्हाला माहीत नव्हतं का," असं मलाच विचारलं. तोंडाला चेन असलेल्या दोन-तीन जाड पिशव्या घे, फोन आणि कागद त्यात. घरात खताच्या आणि बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या पडलेल्या असतात, त्या कितीही मजबूत दिसल्या तरी धुऊनसुद्धा वापरू नकोस. धुतल्या तरी त्यांत खता-औषधाचा अंश राहतो. आणि पाण्यासाठी प्रत्येकाला स्टीलची बाटली. बेटांवर एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकला बंदी आहे आणि कचरा टाकायला जागाही नाही.

दोरीचा एक हात-दीड हाताचा नव्हे, चांगला दहा हातांचा तुकडा आणि डझनभर चिमटे. माझ्या सगळ्या सामानात शेवटी याचाच उपयोग झाला. साबणाची एक वडी. खारं पाणी कपड्यात राहू द्यायचं नाही, गोड्या पाण्यात खंगाळूनच वाळत घालायचं, नाहीतर ते पुन्हा ओल धरतं.

दागिने घरी. पाण्यात बोटं आकसतात, अंगठी निसटते आणि समुद्रात पडलेली अंगठी पाटलीणबाईची असो की मास्तरणीची, सापडत नाही. मंगळसूत्राबद्दल सासूबाई ऐकणार नाहीत आणि ऐकायची गरजही नाही. सोन्याचं कपाटात, गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत.

तुझी तारीख त्याच आठवड्यात येत असेल तर पॅड पुरेसे घरूनच घे, तिथे तुझे नेहमीचे मिळतील याची खात्री नाही. सोबत जुनी वर्तमानपत्रं गुंडाळायला. तारीख पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नकोस, डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

मुलीला एक गोष्ट आधीच, घरीच सांगून ठेव. किनाऱ्यावर शंख-शिंपले आणि पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे पडलेले असतात, तिला ते गोळा करावेसे वाटणार. बघायचे, हातात घ्यायचे, ठेवून द्यायचे. प्रवाळ, मेलेलंसुद्धा, आणि कित्येक जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. विमानतळावर बॅग तपासताना निघाले तर काढून घेतात आणि प्रकरणही होऊ शकतं. तिला एक वही आणि रंगपेट्या दे, म्हणजे चित्रं काढून आणेल. बारतांग बेटाच्या रस्त्याने जाणार असाल तर तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे फोन पिशवीत. त्या माणसांचे फोटो काढणं आणि त्यांना खाऊ देणं गुन्हा आहे. सासूबाईंचा हात चिवड्याकडे जाईल, लक्ष ठेव. त्यांच्या मनात दया असणार, पण आपल्या खाण्यातून आणि आपल्या आजारांतून त्या लोकांचं नुकसान होतं.

राहिला तुझा पंजाबी ड्रेस. पत्रात तू तो सगळ्यात शेवटी लिहिलास, म्हणून मीही शेवटाला ठेवला, पण माझ्या अंदाजाने पत्र लिहिलं गेलं ते त्याच्यासाठीच.

परवानगी मागू नकोस. मागितली की हो-नाही करावं लागतं, आणि एकदा नाही म्हटलं की सासूबाईंना ते मागे घेता येत नाही. त्याऐवजी कारण सांग, आणि कारण खरं आहे. सहावारी पातळ पाण्यात भिजलं की किती जड होतं हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांनी नदीवर कपडे धुतले आहेत. ते पायांत गुंडाळतं, लाट आली की ओढतं, माणूस पडतो. दिराला फोनवर सासूबाईंसमोर विचार, "भाऊजी, तिथे पाण्यात साडी चालते का?" तो नाही म्हणणार. धाकट्या मुलाचं नाही आणि सुनेचं नाही यात फरक असतो, हे तू अकरा वर्षांत ओळखलंच असशील. जाऊ पुण्याहून येताना तिथे पंजाबीच घालून येणार, तिची आडकाठी नाही.

ड्रेस सिंथेटिक घे, गडद रंगाचा, कुर्ता गुडघ्यापर्यंतचा, खाली लेगिंग. पांढरा किंवा फिका नको, भिजल्यावर आरपार दिसतो. ओढणी घरीच ठेव, तीही पायात येते.

आणि बाजारात स्वतःसाठी घेशील तेव्हा तसलाच दुसरा एक सैल जोड घे, सासूबाईंच्या मापाचा. त्यांना दाखवू नकोस, बोलूही नकोस. तुझ्या बॅगेच्या अगदी तळाशी ठेव. वजन अर्धा किलोही भरणार नाही.

– मावशी